दहावर ओरडायचं राहिलं

२ फेब्रुवारी

आत्या,

आधी मनसोक्त रागावून घे, मग पुढचं वाच.

सात आठवडे झाले आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसत नव्हतो असं नाही. रोज बसायचो. कागद खोक्यावर ठेवायचा, पेन शोधायला उठायचं, आणि पेन सापडायच्या आत दुसरंच काहीतरी सापडायचं. परवा पेन शोधत गोदामात गेलो, तर अडथळ्यांच्या शर्यतीचे अडथळे सुटे होऊन आले होते. पाय वेगळे, फळ्या वेगळ्या. एक जोडून बघू म्हटलं, चाळीस जोडले, संध्याकाळ झाली. फोनचं म्हणशील तर तो रोलरखाली गेला. आता तो पुस्तकात खूण म्हणून घालता येईल इतका पातळ आहे. पुस्तक तेवढं घ्यायला हवं.

तर मैदान बांधायचं काम बरं चाललंय. छापखान्यातून मी नऊ दिवसांत पळालो होतो आणि पेट्रोल पंपावरून चार दिवसांत, म्हणजे इथे मी विक्रमच केलाय. तुझ्या शब्दावर मुकादमांनी मला घेतलं. पहिल्याच दिवशी नखशिखान्त बघितलं आणि विचारलं, "जाळीवाल्या बाईंचा भाचा ना? चपला बदल. या मैदानावर पाय घासत चालायचं नाही." बस, एवढीच मुलाखत. इथे सगळे मला भिंगरी म्हणतात, का ते तुला सांगायला नको.

मैदान आता दिसायला लागलंय. मधे गवत, भोवती धावपट्टी. गवताचं बी टाकलं की पाखरं येतात, म्हणून पहिले दहा दिवस मी नुसता हात हलवत फिरत होतो. चुनेवाल्या काकू म्हणाल्या, "अरे, यापेक्षा बुजगावणं बरं, ते एका जागी तरी उभं राहतं." या काकू रेषा आखतात. चाळीस मीटर सरळ रेघ, दोरीशिवाय, गुणगुणत.

धावपट्टीची वळणं कशी आखतात ते सांगतो, कारण पुढे लागणार आहे. मैदानाच्या दोन्ही टोकांना जमिनीत सिमेंटचा खुंट असतो, त्यावर पितळी खिळा. एकाने टेपचं टोक खिळ्यावर धरायचं, दुसऱ्याने साडेछत्तीस मीटरवर गोल फिरत खुणा करायच्या. झालं वळण. आमच्याकडे टेपा दोन. नवी शून्यापासून सुरू होते. जुनीच्या टोकाची कडी तुटलीय, म्हणून ती दहा सेंटीमीटरच्या खुणेवर धरतात. मग खिळ्यापाशी बसलेल्याने मोठ्याने ओरडायचं, "दहावर!" म्हणजे पलीकडचा दहा जास्त वाचतो. मुकादमांचा हा नियम फार कडक आहे. जेवण विसरा, दहावर विसरू नका.

एक कुत्रं आहे इथे. तपकिरी, एक कान उभा आणि एक पडका, चेहरा अगदी हिशेब तपासणाऱ्या कारकुनासारखा. त्याला डाव्या पायाचीच चप्पल लागते. उजवी समोर ठेवली तरी हुंगून सोडून देतं. माझी नेली, रोलरवाल्याची नेली, पाहणीला आलेल्या साहेबांचीसुद्धा नेली, आणि साहेब एका पायावर उड्या मारत गाडीपर्यंत गेले तेव्हा अख्खं मैदान दुसरीकडे बघत होतं. नेलेल्या सगळ्या चपला ते लांब उडीच्या खड्ड्यात पुरतं. मुकादम तिथली वाळू स्वतः चाळतात, त्यामुळे चपला रोज वर येतात.

आता कागद संपत आला, म्हणून जे सांगायचं होतं ते सांगतो. पूर्वेचं वळण आखताना खिळ्यापाशी मी होतो, पलीकडे मुकादम. हातात जुनी टेप. तेवढ्यात कुत्र्याने चप्पल पळवली. मी टेपवर वीट ठेवली आणि धावलो. परत आलो, टेप होती तशीच होती, खुणा झाल्या, काम पुढे गेलं. महिन्याभराने, धावपट्टीचा लाल थर ओतून वाळल्यावर, आंघोळ करताना एकदम आठवलं. मी दहावर ओरडलो होतो का? कुत्र्यावर ओरडलो ते आठवतंय. दुसरं आठवत नाही. आणि वर्तुळ हा लबाड प्रकार आहे. काकू म्हणतात, मध्यातून दहा सेंटीमीटर चुकले की वळणावर दहाचे एकतीस होतात. चोवीस तारखेला मोजणी आहे. मैदान चारशे मीटरपेक्षा जास्त भरलं तर चार सेंटीमीटरपर्यंत चालतं, कमी भरलं तर केसभरही नाही. सगळं उखडायचं. खुंटावर आता लोखंडी झाकण आहे आणि चावी मुकादमांच्या गळ्यात.

सकाळी सहाला एक बस सुटते. सहज चौकशी केली.

तुझा,
भिंगरी

—

६ फेब्रुवारी

भिरभिऱ्या,

रागावून घेतलं. तुझ्या पत्रात कुत्र्याला अर्धं पान मिळालं आणि खरी गोष्ट शेवटी कोपऱ्यात दाबून बसवलीस. लहानपणी फुटलेली बरणी अशीच पलंगाखाली सरकवायचास.

मुकादमांना सांग. हे पत्र खाली ठेव, ऊठ, आणि सांग. उद्या नाही, त्यांचा मूड बघून नाही. बसमध्ये बसून इथे आलास तर जेवायला वाढीन, पण बोलणार नाही. माझं न बोलणं तुला ठाऊक आहे.

तुमच्या फुटबॉलच्या गोलाच्या दोन जाळ्या झाल्यात, कोपऱ्यात चेंडू अडवायच्या दोन उरल्यात. एकीत माझी एक रांग तिरकी गेलीय, उसवून परत विणते. तुमचे मुकादम काही म्हणणार नाहीत म्हणा. अकरा वर्षं माझ्याकडून जाळ्या नेतात, एकदा मोजून घेतल्या नाहीत की परत पाठवल्या नाहीत. चिठ्ठीत माप आणि खाली "सावकाश करा", एवढंच. ढिसाळ गृहस्थ दिसतात. तुझी चूक त्यांच्या लक्षात येईल या भरवशावर राहू नकोस.

आत्या

—

१० फेब्रुवारी

आत्या,

ढिसाळ? आमचे मुकादम? अगं, हा माणूस चुन्याच्या रेषेची रुंदी पट्टीने मोजतो! गोलाच्या खांबाला रंग दिला तर वाळल्यावर हात फिरवून सांगतो की इथे दुसरा हात दिला नाहीस. काल उंच उडीच्या गादीवर मला आडवा पाडून वर सपाटी दाखवणारी पाण्याची नळी ठेवली. मी हसलो तर म्हणाले, "हलू नकोस, बुडबुडा हलतो."

तुझ्या जाळ्या मात्र ते मोजत नाहीत हे खरं आहे. सरावाच्या मैदानावरची तुझी एक वाकडी जाळी त्यांनी स्वतः शिडीवर चढून बांधली म्हणे. रोलरवाला म्हणाला, "एका बाजूला लोंबतेय." तर म्हणाले, "चेंडू अडतो ना? मग झालं." रोलरवाला अजून त्या धक्क्यातून बाहेर आलेला नाही.

सांगायचं म्हणशील तर तीनदा गेलो. पहिल्यांदा ते पाण्याच्या पंपापाशी कोणाला तरी झापत होते. दुसऱ्यांदा त्यांनीच विचारलं, "काय रे?" आणि मी म्हणालो, "काही नाही, चहा आणू का?" त्यांनी हो म्हटलं, मग चहा आणावा लागला. तिसऱ्यांदा ते एकटेच वळणावर उकिडवे बसून लाल थरावर तळहात ठेवून होते, ताप बघावा तसे. त्या माणसाला सांगू, की हे उखडायचंय?

आणि खरं सांगू का? एकतीस सेंटीमीटर म्हणजे काय गं? मांजराची शेपटी. चारशे मीटरमध्ये मांजराची एक शेपटी कमी. धावणारे धावतील, टाळ्या वाजवणारे टाळ्या वाजवतील. कोण मरतं त्याने?

पिशवी भरलीय. सगळं मावतं की नाही ते बघायला. मावतं.

तुझा,
भिंगरी

—

१४ फेब्रुवारी

कोण मरतं, असं विचारलंस. कोणी मरत नाही. काय होतं ते सांगते.

तू या घरात वाढलास. जाळी अडकवायचे लोखंडी आकडे मी ज्या पत्र्याच्या डब्यात ठेवते तो रोज पाहिलास. आकड्यांखाली काय आहे ते कधी विचारलं नाहीस. विचारशील तोवर तुझं लक्ष खिडकीबाहेर. आकड्यांखाली माझे धावायचे बूट आहेत, खिळ्यांचे.

मी चारशे मीटर धावायचे. एकोणीस वर्षांची असताना एका नव्याकोऱ्या मैदानावर आमच्या भागातली तोवरची सगळ्यात कमी वेळ दिली. आधीच्या मुलीपेक्षा सहा दशांश सेकंद कमी. तुझा बाप फाटकावर चढून ओरडत होता, उतरताना विजार फाटली. आठवडाभर घरात कोणी कोणावर रागावलं नाही, एवढी मजा होती.

दोन महिन्यांनी मैदानाची फेरमोजणी झाली. एक वळण आखूड निघालं. तुझ्या मांजराची शेपटी, एकतीस सेंटीमीटर. माझी वेळ पुसून टाकली. वळण नीट करतो, पुन्हा धावा म्हणाले. धावले की. तीनदा धावले. पाय तेच होते, पण वळण आलं की माझे डोळे खाली जायचे. ही जमीन तरी खरी आहे का, म्हणून. शर्यतीत खाली बघणारी मागेच पडते. मग सोडलं. त्यानंतर मी कुठल्याच मैदानावर पाऊल टाकलं नाही, सव्वीस वर्षं झाली. जाळ्या विणते, टेम्पोत भरते, टेम्पोवाला नेतो.

सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? वेळ गेली ते नाही. लोक म्हणायचे, "आखूड मैदानावर धावली ती," जसं काही मीच रात्री जाऊन ते कापून आले. आणि कोणीतरी ती खूण केलीच असेल ना? त्याला कदाचित ठाऊकही असेल, बसला असेल तुझ्यासारखाच पिशवी भरून. शर्यतीच्या आधी तो बोलला असता तर वळण तेव्हाच नीट झालं असतं.

तुझ्या पहिल्या पत्रात लिहिलंस, दहाचे एकतीस होतात. ते मी चार वेळा वाचलं. इतकी वर्षं मला वाटत होतं, एकतीस हा असाच कुठून तरी आलेला आकडा आहे.

आता ऊठ. तुमच्या मैदानावरही एखादी पोरगी धावणार आहे. माझं नाव काढायची गरज नाही, तुझं तेवढं सांग. आणि उत्तर लगेच टाक. या वेळी गप्प राहिलास तर तिथे येऊन कान धरीन. येणार नाही हे दोघांनाही माहीत आहे, पण धाक म्हणून वाच.

आत्या

—

२७ फेब्रुवारी

आत्या,

आधी आकडा. चारशे मीटर आणि दोन सेंटीमीटर. पास!

चोवीस तारखेला मोजणीच्या बाई तीन पायांचं यंत्र घेऊन आल्या, दिवसभर इकडून तिकडे फिरल्या. शेवटी कागद मुकादमांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, "चला, कोपऱ्याचे झेंडे राहिलेत." चुनेवाल्या काकूंनी त्यांच्या खिशातून कागद ओढून काढला तेव्हा आम्हाला कळलं. रोलरवाल्याने भोंगा वाजवला. रोलरला भोंगा असतो हे आम्हाला तोवर माहीत नव्हतं. मी गवतावर आडवा झालो आणि बराच वेळ आभाळ बघत राहिलो.

पण हे मधूनच झालं. पहिल्यापासून सांगतो. पुन्हा उशीर झालाय, पण या वेळी दोष अर्धाच माझा आहे. उरलेला अर्धा कोणाचा ते येतंच.

तुझं पत्र सतरा तारखेला सकाळी मिळालं. फाटकापाशी उभ्यानेच वाचलं. मग कुठेही न बघता सरळ गोदामात गेलो. वाटेत कुत्रं आडवं आलं, तरी थांबलो नाही. मुकादम शर्यत सुरू होताना पाय टेकवायचे ठोकळे खोक्यातून काढत होते. मी दारातूनच म्हणालो, "पूर्वेच्या वळणावर मी दहावर ओरडलो नव्हतो. मैदान आखूड असणार."

त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "हो. ओरडला नव्हतास."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आवाज आला नाही. आवाज आला नाही की मी चालत येतो. आलो, बघितलं, टेप दहावर, वर वीट. तू लांब उडीच्या खड्ड्याकडे कुत्र्याला आईबहिणीवरून काहीतरी सांगत होतास. परत गेलो, दहा वाढवले, खुणा केल्या. छत्तीस मीटर काय लांब असतात?"

"मग मला बोलला का नाहीत?"

"काम बरोबर झालं होतं. बोलायचं काय त्यात?"

"अहो, मला तीन आठवडे झोप नाही!"

"मग ओरडायचं," म्हणाले. आणि तरी गळ्यातली चावी काढली. "चल. तुझ्या डोळ्यांनी बघ, नाहीतर आजही झोपणार नाहीस." आम्ही झाकण उघडलं, नवी टेप लावली. खिळ्यापासून आतल्या काठापर्यंत साडेछत्तीस मीटर, बरोब्बर. मी काय केलं सांगू? खिळ्याला हात लावून नमस्कार केला. ते म्हणाले, "तेल लाव त्याला, नमस्कार नको."

आता माझं चुकलं ते. तू नाव काढू नकोस म्हणाली होतीस. पण माझं तोंड तुला माहीत आहे, आणि त्या वेळी ते आनंदात होतं. मी म्हणालो, "मग माझ्या आत्याच्या मैदानावर का नाही कोणी चालत आलं? तिथेही एकतीसच कमी होते."

ते झाकण लावत होते. थांबले. मग खुंटाशेजारी तसेच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "पश्चिमेचं."

मी वळणाचं नाव घेतलं नव्हतं, आत्या. तूही लिहिलं नव्हतंस.

ते वीस वर्षांचे होते. पहिलंच काम, खिळ्यापाशी बसायचं. टेपची कडी तुटली होती, त्यांनी दहावर धरली आणि त्यांना वाटलं, पलीकडच्याला माहीत असेल. तेव्हा ओरडायचा नियम नव्हता. पुढे शंका आली, पण एवढ्या मोठ्या माणसांना आपण काय सांगायचं, म्हणून गप्प बसले. तू धावलीस तेव्हा ते कठड्यापाशी उभे होते. म्हणाले, "मीसुद्धा टाळ्या वाजवल्या होत्या. वाजवताना वळणाकडे बघत होतो." फेरमोजणीनंतर त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. स्वतः मुकादम झाले तेव्हा पहिला नियम केला तो दहावरचा. पुढे कोणाकडून तरी कळलं की जाळ्या विणणारी बाई म्हणजे तूच. तेव्हापासून जाळ्या तुझ्याकडून.

"अकरा वर्षांत एकदाही गेला नाहीत तिच्याकडे?" मी विचारलं. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

त्यांनी झाकण लावून चावी फिरवली. "मैदानावर छत्तीस मीटर चालतो मी," म्हणाले, "तिकडे नाही चालवलं."

मी म्हणालो, लिहा मग. ते म्हणाले, लिहितो, तोवर तू काही कळवू नकोस, पहिल्यांदा माझ्याकडूनच कळू दे. मला ते पटलं, म्हणून थांबलो. आज दहा दिवस झाले. रोज जेवणानंतर खोक्यावर कागद घेऊन बसतात, माझ्याच खोक्यावर. दोन ओळी लिहितात, घडी करतात, खिशात घालतात, आणि कुठेतरी रंगाचा पोपडा निघालाय म्हणून उठून जातात. माझ्याहून वाईट निघाले! आज सकाळी मी त्यांना सांगितलं, तुमचं होत नाही, मी लिहितो. ते म्हणाले, "लिही. सगळं लिही. काही मऊ करू नकोस." म्हणून हे.

एक गोष्ट मी आपल्या डोक्याने केली. मोजणीच्या बाई सामान आवरत होत्या तेव्हा त्यांना विचारलं, चारशे मीटर धावणाऱ्या मुलीला शेवटचे एकतीस सेंटीमीटर जायला किती वेळ लागतो? त्यांनी कागदाच्या मागे हिशेब केला. सेकंदाचा विसावा भागसुद्धा नाही, म्हणाल्या. आत्या, तू सहा दशांश सेकंदांनी पुढे होतीस. सहा दशांशात असे बारा विसावे भाग बसतात. म्हणजे तू पुरे चारशे धावली असतीस, वर आणखी मांजराच्या दहा शेपट्या धावली असतीस, तरी तूच पुढे होतीस. हे सव्वीस वर्षं कुणी कागदाच्या मागे करून बघितलं नाही? तूसुद्धा? तो कागद मी मागून घेतलाय. सोबत पाठवतो. डब्यात बुटांवर ठेव.

आणि पिशवी रिकामी केली. पुढचं मैदान नदीपलीकडे आहे, मुकादमांनी विचारलं येतोस का. हो म्हणालो, आणि विचार करायला चहासुद्धा आणायला गेलो नाही.

जाळ्या आज यायच्या आहेत. खांब रंगवून तयार आहेत, आकडे लावलेत, शिडी उभी आहे. हे पत्र त्याच टेम्पोवाल्याच्या हाती देतो, म्हणजे संध्याकाळपर्यंत तुला...

थांब. टेम्पो आला. गोदामाच्या खिडकीतून फाटक दिसतं. टेम्पोवाला उतरून मागची फळी उघडतोय. पलीकडच्या दारातूनही कोणीतरी उतरतंय, खांद्यावर जाळीची गुंडाळी.

आत्या, हे पत्र मी आता टाकू कुठे?

तू माझा कान धरायला आली आहेस हे मला इथूनही दिसतंय, चालण्यावरून. पण लाल पट्टीच्या काठाशी येऊन थांबलीस. खाली बघतेयस. चपला काढून हातात घेतल्यास. आणि पश्चिमेच्या वळणावर मुकादम उभे राहिलेत. त्यांनी टेप खाली ठेवली. ते चालत निघालेत, तुझ्याकडे.

मी खिडकीतून ओरडतोय, पण तुला ऐकू येत नाहीये. चपला हातातच ठेव गं. कुत्रं इथेच आहे.